गॅरेजची पायरी : वळणावर 'खर्र' कोण म्हणतं?

पावसाळा संपला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जुलैत प्लगमध्ये पाणी, ऑगस्टमध्ये ब्रेकची किंकाळी, आणि इंदूरजवळच्या चोरल-पातालपाणी-जानापावच्या सहली उरकल्या की 'काका, गाडी खालून घासते'. या वेळी अशी चार पत्रं आली. पहिल्याला लांबलचक उत्तर देतोय, कारण इतरांच्या दुखण्याचं मूळही बरंचसं त्यातच आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : काका, सा. न. मी राजेंद्र नगरात राहतो, वय २३. बाबांची दीडशे सीसीची गाडी, नऊ वर्षं जुनी, आता मी चालवतो. ऑगस्टमध्ये आम्ही तीन गाड्यांवर सहा जण चोरलला गेलो होतो. भेरूघाटात डाव्या वळणावर खालून 'खर्र' आवाज आला. मागच्या मित्राने ठिणग्या पाहिल्या. घरी येऊन बघतो तर डबल स्टँडचा डावा पाय घासून चकचकीत झालाय. मित्र म्हणतो, 'भिया, स्टँडच काढून फेक.' एक मिस्त्री म्हणाला, ग्राइंडरने इंचभर उडवून देतो, शंभर रुपये द्या. काय करू?

उत्तर : बाळा, ते शंभर रुपये खिशातच राहू देत. त्यांचे पोहे-जिलेबी खा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ग्राइंडरवाला तेच करायला निघालाय. स्टँड नऊ वर्षं त्याच जागी आहे, तेवढ्याच लांबीचा आहे. बाबा चालवायचे तेव्हा तो रस्त्याला लागला नाही, मग आताच का लागला? एक तर गाडी खाली बसलीय, नाहीतर स्टँड लोंबतोय, नाहीतर तू बाबांपेक्षा जास्त झुकवतोस. तिन्ही एकदम असू शकतं. तिसरं तर आहेच, त्यासाठी मला गाडी बघायची गरज नाही.

तुझ्या पत्रातला एक शब्द मी तीनदा वाचला. 'मागच्या मित्राने'. मागच्या म्हणजे मागच्या गाडीवरच्या, कारण तुझ्या पाठीशी बसलेल्याला स्टँडच्या ठिणग्या दिसणार नाहीत. पण तीन गाड्या आणि सहा जण, म्हणजे तुझ्याही मागे कोणीतरी होतंच. त्याचं वजन तू लिहिलं नाहीस. पोरं वजन कधीच लिहीत नाहीत. गाडीचं मायलेज, टायरची कंपनी, सीटचा रंग, सगळं लिहितात. मागे बसलेला मित्र पंचाऐंशी किलोचा होता हे मात्र पत्रात येत नाही.

आधी खात्री करून घे की घासतं ते नक्की कुठे. चकचकीत दिसला म्हणून एकटा स्टँडच घासतो असं नसतं. दहा रुपयांचा गेरू आण, पाण्यात कालव आणि स्टँडचे दोन्ही पाय, स्टँडला पाय द्यायचा दांडा, साइड स्टँडचं टोक, फूटरेस्टची टोकं, सायलेन्सरचं पोट, बेंड पाईप, सगळ्यांना फासून वाळू दे. मग नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालव. जिथला गेरू उडाला तिथे घासलं. डावीकडे बहुतेक गाड्यांत साइड स्टँड आणि डबल स्टँडचा दांडा लागतो, उजवीकडे सायलेन्सर आणि ब्रेकचं पॅडल. एकाच बाजूचा गेरू गेला तर त्या बाजूचं काहीतरी वाकलंय किंवा सैल आहे. दोन्ही बाजूंचा गेला तर गाडीच बसलीय.

आता गाडी किती बसलीय ते मोजायचं. या कामाला पैसे पडत नाहीत, बहुधा म्हणूनच कोणी ते करत नाही. गाडी डबल स्टँडवर लाव, मागचं चाक अधांतरी हवं. ॲक्सलच्या मधोमधपासून सरळ वर सीटखालच्या पॅनेलवर पेन्सिलीने खूण कर आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोज. मग गाडी खाली उतरव. तू वर बस, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एक मित्र समोरून हँडल धरील, दुसरा तेच अंतर पुन्हा मोजेल. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुझ्या वजनाने गाडी किती दबली. आपल्या रोजच्या गाड्यांत मागच्या चाकाला वर-खाली व्हायला साधारण शंभर ते सव्वाशे मिलिमीटर जागा असते. त्यातला तिसरा हिस्सा, तीस-चाळीस मिलिमीटर, तुझ्या एकट्याच्या वजनाने गेला तर गाडी निरोगी. पन्नास गेले तर स्प्रिंग थकली. मग मागे त्या मित्राला बसव आणि तिसऱ्यांदा मोज. हा तिसरा आकडा पाहिलास की भेरूघाटात काय झालं ते आपोआप कळेल.

शॉकअपमधलं तेल शिल्लक आहे का, तेही लगे हात बघ. सीटचं मागचं टोक जोरात दाबून सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. झोपाळ्यासारखी दोन-तीनदा हलली तर तेल गेलंय. शॉकअपच्या दांड्यावर चिकट, धूळ धरलेला ओला पट्टा दिसला तर मोजायचीही गरज नाही, जोडी बदल. जोडीच बदलायची, एक नाही. एक नवा आणि एक जुना म्हणजे एका पायात बूट, एका पायात चप्पल.

शॉकअप धडधाकट असतील तर खाचा बघ. बुडाशी एक गोल रिंग असते, तिला पायऱ्या असतात, बहुधा पाच. टूलकिटमध्ये वाकड्या नाकाचा एक पाना असतो तो याच्यासाठीच. माझ्या गॅरेजात गाड्या यायच्या त्यांतल्या निम्म्यांचा हा पाना कोरा करकरीत असायचा. एकटा फिरतोस तर दुसरी-तिसरी खाच, मागे माणूस बसला तर चौथी-पाचवी, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. 'खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते' असं सगळेच म्हणतात. कडक होत नाही. स्प्रिंग तीच असते. ती आधीपासूनच थोडी जास्त दाबलेली राहते, म्हणून तेवढ्याच वजनाला गाडी कमी बसते आणि उंच राहते. आपल्याला हवी आहे ती ही उंचीच.

तू शिकलेला मुलगा आहेस, म्हणून थोडा हिशोब देतो. ढोबळ आहे, टायरची गोलाई मी धरलेली नाही. समज, स्टँडचा दांडा गाडीच्या मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटर बाहेर आहे आणि जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर. मग गाडी साधारण ३४ अंश झुकली की तो रस्त्याला लागेल. आता मागे मित्र बसला, खाच पहिलीच राहिली, स्प्रिंग थकलेली. वळणात गाडी झुकली की भार आणखी वाढतो. ३० अंशांवर तो उभ्या गाडीपेक्षा पंधरा टक्के जास्त असतो. हे सगळं धरून दांडा चार सेंटिमीटर खाली आला, जमिनीपासून १३ वर राहिला, तर तो साडेसत्तावीस अंशांतच लागणार. पटत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराचा कोनमापक घे, गाडी सरळ उभी धर, टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून दांड्याच्या टोकापर्यंत एक सरळ पट्टी धर आणि जमिनीशी तिचा कोन मोज.

आता यातली गंमत बघ. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर साडेसत्तावीस अंश म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ३४ अंश म्हणजे ताशी ४१-४२. मधला फरक जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा. वेग थोडा वाढला की झुकणं थोडं वाढत नाही, ते जवळपास वेगाच्या वर्गाने वाढतं. त्याच वळणावर ३० च्या वेगाने गाडी २० अंशही झुकत नाही, ५० च्या वेगाने ४४-४५ अंश झुकवावी लागते. म्हणजे शॉकअप आणायला जाईपर्यंत फुकटातला इलाज तुझ्या उजव्या मनगटात आहे.

आणि फक्त वेगच नाही, वळण कसं घेतोस तेही. ब्रेक वळणाच्या आधी संपव. वळणात ॲक्सिलरेटर अगदी हलका उघडा असू दे. घाबरून एकदम बंद केलास की गाडी नाकावर बसते आणि सगळंच खाली येतं. अंग गाडीच्या बाहेरच्या बाजूला ताणून धरू नकोस, आतल्या बाजूला थोडं झुक. तेवढी गाडी कमी झुकते. पायाचा चवडा फूटरेस्टवर ठेव. तळव्याची मधली खोलगट बाजू फूटरेस्टवर ठेवून पुढची बोटं लोंबती ठेवणारे लोक मी रोज बघतो. त्यांची स्टँडच्या आधी चप्पल घासते. आणि 'खर्र' झालंच तर ब्रेक दाबू नकोस. गाडी हळूच थोडी उभी कर, वळण थोडं रुंद जाऊ दे. म्हणून तर वळणात आपल्या बाजूला थोडी जागा राखून चालवायची असते.

आता स्टँडकडे येऊ, म्हणजे संन्याशाचीही झडती घेऊ. स्प्रिंग ढिली झाली का बघ. स्टँड वर केल्यावर हाताने खाली ओढ. सहज आला आणि सोडल्यावर आळसावत गेला तर स्प्रिंग बदल, काही रुपयांची असते. ढिल्या स्प्रिंगचा स्टँड खड्ड्यात उडी मारतो आणि नेमका त्याच क्षणी तू झुकलेला असलास तर घासतो. मग स्टँड डावी-उजवीकडे हलवून बघ. पाऊण इंच हलला तर बुश (सांध्यातल्या नळ्या) गेलेत, एक बाजू लोंबणारच. स्टँड वर जाऊन ज्या रबरावर टेकतो ते रबरही बघ. हरवलं असेल तर आवाज येतो, पण घासत नाही. उलट कोणी हुशार मिस्त्रीने आवाज बंद करायला ट्यूबचा जाड तुकडा गुंडाळला असेल तर स्टँड तेवढाच खाली थांबतो. हे मी निदान वीस गाड्यांत पाहिलं असेल. आणि आपली माळव्याची काळी माती विसरू नकोस. ओली असताना स्टँड आणि चेसिसच्या मध्ये बसते, वाळली की दगड होते, आणि स्टँड अर्धा इंच खालीच राहतो. चोरलहून आल्यावर गाडी धुतली होतीस का? वरून धुतली असशील.

टायर बदललाय का, तेही लिहिलेलं नाहीस. जुन्या टायरवर '१००/९०-१७' असेल आणि नवा रुंद दिसतो म्हणून '११०/७०-१७' घातला असशील, तर ॲक्सल तेरा मिलिमीटर खाली आला. पहिल्याची उंची शंभराच्या नव्वद टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. दुसऱ्याची एकशे दहाच्या सत्तर टक्के, म्हणजे ७७. शिवाय टायर रुंद तेवढं त्याच वळणाला त्याच वेगात गाडीला जास्त झुकावं लागतं. दोन्हीकडून तोटा.

हे सगळं मी इतकं ठासून का सांगतो, तर मी स्वतः यात तोंड फोडून घेतलंय. माझ्याकडे येझदी होती. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सुट्या भागांची वणवण सुरू झाली. मागचे शॉकअप गेले. मी मिस्त्री, मला कोण सांगणार? दुसऱ्या एका गाडीचे शॉकअप बुश बदलून बसवले. दीड इंच आखूड होते. गाडी दिसायलाही छान दिसायला लागली, बसकी, ऐटदार. गॅरेजातल्या पोरांनी वाहवा केली. येझदीला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे घासायची सोय दोन्हीकडे. पहिल्यांदा डावा घासला तेव्हा मी काय केलं असेल? सायलेन्सरचा हँगर वाकवून तो वर उचलला. दुसऱ्यांदा घासला तर आणखी वाकवला. मग एका रविवारी महूकडून जाम गेट उतरून मंडलेश्वरला निघालो, मागे आमचे मेहुणे. खाली उतरताना एका वळणावर या वेळी सायलेन्सर नाही, डबल स्टँडचा बूड लागला. सायलेन्सर थोडा तरी दबतो. स्टँड चेसिसला ठोकलेला, तो दबत नाही. त्याने मागचं चाक रस्त्यावरून उचललं, आणि चाक उचललं की संपलं. आम्ही दोघे गाडीच्या मागे घसरत गेलो. माझं कोपर आणि मेहुण्यांची नवी पँट. मेहुणे अजून पँटचंच सांगतात.

शॉकअप आखूड होते. मी सायलेन्सर वाकवत बसलो.

त्याचं उलटही करू नकोस. उंची हवी म्हणून दुसऱ्या गाडीचे लांब शॉकअप घातले की मागून गाडी उचलली जाते, पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि हँडल हलकं, चंचल वाटायला लागतं. साइड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलून उभी राहते. डबल स्टँडवर चढवली तरी चाक जमिनीलाच टेकलेलं. चेन चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासायला लागते. एक दुखणं घालवून चार विकत घेतलीस.

स्टँड काढायचाच असेल तर काढता येतो, गुन्हा नाही. पण पंक्चरला आणि चेन साफ करायला काय करणार ते आधी ठरव. काही गाड्यांत ब्रेकचं पॅडल स्टँडच्याच दांड्यावर फिरतं; स्टँड काढला की पॅडल लोंबकळतं. ते बघून घे. आणि वरचं सगळं करूनही, मागे कोणी नसताना, बेताच्या वेगात दांड्याचं टोक लागतच असेल, तर तो दांडा गॅसवर तापवून थोडा वर घेता येतो. पण स्टँड गाडीवरून उतरवून. गाडीवर असताना वेल्डिंग किंवा गॅस लावू द्यायचा नाही. तुझ्या गाडीत पेट्रोलची टाकी आहे, वायरिंग आहे आणि नऊ वर्षांचं वंगण चिकटलेलं आहे. पाय मात्र कापायचे नाहीत. एक पाय इंचभर कमी झाला की गाडी स्टँडवर कलते. माझ्याच गॅरेजात एका कारागिराने हे केलं होतं, आणि ती गाडी गणपतीच्या मांडवाबाहेर ओळीने लावलेल्या सात गाड्यांवर पडली. पत्त्यांसारख्या सगळ्या गेल्या. आरशांचे पैसे मी भरले.

प्रश्न : स. न. महूजवळ आमची छोटी डेअरी आहे. मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचा एकेक कॅन लावून मुलगा रोज इंदूरला दूध नेतो. चौराह्यावर वळताना कॅनचं लोखंडी स्टँड उजवीकडे रस्त्याला लागतं असं तो म्हणतो. सायलेन्सरवरही ओरखडे आहेत. मिस्त्रीने तिसरी स्प्रिंग टाकायला सांगितली आहे. टाकावी का? — एक आई

उत्तर : ताई, आधी वजन करू. एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडं जास्त भरतं. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी किलोचं नुसतं दूध. कॅनचं आणि लोखंडी स्टँडचं वजन वेगळं. मागे एक जाडजूड माणूस बसला असं समजा, फक्त तो सीटवर नाही, चाकाच्या दोन्ही बाजूंना बाहेर लटकलाय. आणि तो रोज लटकतो.

वरच्या पत्रात मी ग्राइंडरवाल्याला हाकललं, पण तुमच्याकडे त्याला बोलवा. तिथे स्टँड कंपनीने विचार करून बसवलेला होता. तुमचं कॅनचं स्टँड गल्लीतल्या वेल्डरने बनवलेलं आहे, आणि बहुतेक वेल्डर खालची चौकट वरच्याइतकीच रुंद करतात, कारण काटकोन सोपा पडतो. गाडी झुकते तेव्हा चौकटीचा बाहेरचा खालचा कोपराच पहिल्यांदा रस्त्याला लागतो. तो कोपरा तिरका कापून तिथे पट्टी मारून घ्या. स्टँड गाडीवरून उतरवूनच काम करायला सांगा. कॅनचं बूड ॲक्सलच्या खाली जात असेल तर चौकट चार बोटं वर घ्या आणि जमेल तेवढी आत. फार वर नको. वजन वर गेलं की सुरुवातीला आणि थांबताना गाडी डुलते, आणि तुमचा मुलगा गाडी थांबवून पाय टेकतो तेव्हा तो सगळा तोल त्याच्या एका पायावर येतो. सायलेन्सर आणि कॅन यांत हाताचा पंजा जाईल एवढी जागा असू द्या, नाहीतर मे महिन्यात दूध पोचेपर्यंत नासेल.

तिसरी स्प्रिंग टाकून गाडी उंच राहील, पण चिमट्याचे बुश, चाकाचे आरे आणि ब्रेक तेवढेच राहतील. त्यांना कोणी तिसरी जोडी देत नाही. त्यापेक्षा शॉकअपची खाच शेवटची ठेवा, मागच्या टायरची हवा गाडीवरच्या चिठ्ठीत दोन माणसांसाठी लिहिलेली असते तेवढी भरा, आणि महिन्यातून एकदा मागचं चाक अधांतरी धरून आडवं हलवून बघा. चिमट्यातून कट-कट ऐकू आली तर बुश गेले. ओरखडे सायलेन्सरच्या आतल्या बाजूला असतील तर ते रस्त्याचे नाहीत, चौकटच त्याला घासतेय.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही. येताना कॅन अर्धे भरलेले असतील तर दूध आत हिंदकळतं आणि वळणात गाडीला उशिरा धक्का देतं. मुलाला सांगा, अर्धे दोन कॅन आणायचे असतील तर एक पूर्ण भरून एकाच बाजूला लावायचा नाही, गाडी कलेल. दोन्हीत सारखं ठेवून सावकाश यायचं. जमलं तर तीस लिटरचे कॅन करा. रोज वीस लिटर कमी नेल्याने डेअरी बुडणार नाही.

प्रश्न : माझी स्कूटर टिळक नगरात आमच्या गल्लीत वळताना डबल स्टँड घासते. शिवाय गतिरोधकावर मधलं पोट आपटतं, तेव्हा हे मागे बसलेले असतात. शोरूममध्ये म्हणाले, शॉकअप बदला. बदलू का?

उत्तर : ही दोन दुखणी वेगळी आहेत, ताई. स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक एकत्रच वर-खाली होतात, आणि बहुतेक स्कूटरचा डबल स्टँड इंजिनाच्या बुडाला असतो. म्हणजे मागे यजमान बसले की सीट आणि पायाखालचा पत्रा जेवढा खाली येतो तेवढा स्टँड येत नाही. पोट आपटण्याचं कारण शॉकअप असू शकतं, स्टँड घासण्याचं सहसा नाही. स्टँडसाठी हवा बघा, स्प्रिंग बघा, आणि स्टँड वर केल्यावर पूर्ण वर जातो की वाटेत अडकतो ते बघा. मागे नवा टायर घातला असेल तर त्यावरचा आकडा जुन्याशी जुळतो का तेही. यातलं काही सापडलं तर शंभर-दोनशेत काम होईल.

शॉकअप बदलण्याआधी सीट दाबून बघण्याची परीक्षा वर दिलीच आहे. आणि गतिरोधकावर दोघे असाल तर तिरकं जायचं सोडा. तिरकं गेल्याने पोट वाचतं असं इंदुरात सगळ्यांना वाटतं. वाचलं तरी थोडंच, उलट स्टँड लागतो.

प्रश्न : काका, माझ्या गाडीच्या फूटरेस्टच्या टोकाला खाली एक लांब बोल्ट होता. मित्राने तो काढायला लावला, म्हणाला याच्यामुळेच गाडी कमी झुकते. रेसवाले तर गुडघा टेकवतात. आता मीही ट्राय करणार आहे. बरोबर आहे ना? — बारावीचा विद्यार्थी

उत्तर : नाही.

तो बोल्ट म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी. त्याचं काम एकच, सगळ्यांच्या आधी रस्त्याला लागणं आणि तुला सांगणं की आता पुरे. फूटरेस्ट बिजागरीवर असतो, बोल्ट लागला की तो वर दुमडतो आणि चाक जमिनीवरच राहतं. बोल्ट काढल्याने गाडीला जास्त झुकता येतं हे खरं, पण आता पहिल्यांदा लागणार ते सायलेन्सरचं ब्रॅकेट नाहीतर चेसिस, आणि ते दुमडत नाही. जाम गेटच्या खाली माझं काय झालं ते वर वाच.

रेसवाले साठ अंशांच्याही पुढे झुकतात. त्यांचे टायर त्यासाठीच बनवलेले असतात, फूटरेस्ट उंच आणि मागे असतात, स्टँड मुळात नसतोच, समोरून ट्रॅक्टर येत नाही आणि वळणावर कोणी भुट्ट्याची सालं टाकलेली नसतात. पीथमपूरला अकरा किलोमीटरचा मोठा ट्रॅक आहे असं तू पुढे लिहिलंयस. आहे, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, आणि लंबगोल आहे. तिथे तुला कोणी घेणार नाही आणि घेतलं तरी गुडघा टेकवायला तो बनवलेला नाही.

बोल्ट मित्राकडे असेल तर परत माग. हरवला असेल तर त्याच आट्यांचा, तेवढ्याच लांबीचा कंपनीचाच घे. बाजारातला आखूड बोल्ट लावून उपयोग नाही, तो लागायच्या आधी दुसरंच काहीतरी लागेल. दोन्ही बाजूंना सारखे लाव. आणि डोकं घासून अर्धं झालं की बदल. पूर्ण झिजेपर्यंत थांबलास तर पाना धरायला डोकंच उरत नाही, मग छिन्नी मारून काढावा लागतो.